हरण्यासाठी आठ नावं

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईने बॅग भरून दिली. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि मी बावन्न वर्षांचा. पण शाळा सुटली आहे हे दोघांनाही अजून कुणी सांगितलेलं नाही. मोजे, औषधं, चष्म्याचं फडकं असं सगळं भरून झाल्यावर तिने निळा सदरा सर्वांत वर ठेवला.

"हा पहिल्या दिवशी घाल."

"पूलच्या स्पर्धेत वार्ताहराच्या सदऱ्याकडे कोण बघतंय?"

"मीही तेच विचारतेय," असं म्हणून तिने चेन ओढली.

उद्या निघायचं. पूल म्हणजे बिलियर्ड्सच्या कुळातला, टेबलावरचा खेळ. त्याच्या व्यावसायिक स्पर्धेची साखळी फेरी दरवर्षी त्याच गावात, त्याच हॉलमध्ये होते. वीस खेळाडू, पाच-पाच जणांचे चार गट. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि पहिल्या दोघांनी पुढे जायचं. पुढची बाद फेरी मोठ्या शहरात, दिव्यांच्या झगमगाटात. तिथे आमचे वरिष्ठ जातात. माझं काम साखळीपुरतं. फेरी सुरू होण्याआधी पुढे जाणाऱ्या आठ जणांची नावं छापायची, आणि मग ती कशी चुकली हे आठवडाभर वाचकांना समजावून सांगायचं.

संस्कृत घेऊन पदवी मिळवली तेव्हा मी न्यायशास्त्रात रमलो होतो. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे हे अनुमान कसं करायचं, यावर माझी उमेदीची दोन वर्षं गेली. पर्वत काही वाट्याला आला नाही. पूलची टेबलं आली.

आणि शेजारीण आली.

ती दुसऱ्या शहरातल्या, आमच्याशी उभा दावा असलेल्या दैनिकाची वार्ताहर. पहिल्या वर्षी पत्रकारांच्या रांगेत आमच्या खुर्च्या योगायोगाने शेजारी आल्या, पुढे सवयीने. तोंडावर आमचं अहो-जाहो आहे. ती मला 'शास्त्रीबुवा' म्हणते, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते. वहीत मात्र मी तिला 'ती' लिहितो. वही काही तिला वाचायला द्यायची नाही.

पैज तिचीच. ज्याची नावं कमी बरोबर येतील त्याने जिंकणाऱ्याच्या गावी, त्याच्या घरी जाऊन, स्वतःच्या हातांनी एक जेवण रांधायचं. बरोबरी झाली तर पैज पुढच्या वर्षावर.

"मला फक्त अंडं उकडता येतं," मी तेव्हा म्हणालो होतो.

"माझ्या हातून पाणीसुद्धा करपतं," ती म्हणाली होती. "म्हणून तर मी हरणार नाही."

याला नऊ वर्षं झाली. नऊही वर्षं बरोबरी. पहिल्या दोन वेळी योगायोग होता, पुढे मी त्याला हातभार लावू लागलो. तिचं दैनिक मी टपालाने मागवतो. ते शिळं होऊन येतं, तरी मी वर्षभर तिचा शब्द न् शब्द वाचतो आणि ती कुणाची नावं लिहील ते ओळखून तीच लिहितो. लोकांना वाटतं मी खेळाडूंचं भाकीत करतो. मी एका बाईच्या यादीचं भाकीत करतो, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. एखादं नाव इकडेतिकडे होतं, तेवढं नशीब सांभाळून घेतं. गेल्या वर्षी तर आठच्या आठ जुळली. "काय विलक्षण," ती म्हणाली. मीही म्हणालो, "विलक्षण."

बरोबरी झाली की पुढचं वर्ष पक्कं होतं. एरवी मला स्पर्धेकडून काही नको असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉल तसाच आहे. एके काळचं गोदाम, त्यामुळे छत उंच आणि दारं ट्रक आत येतील एवढी. टेबलांवर नवं निळं कापड ताणून बसवत होते. नव्या कापडावर चेंडू ओल्या फरशीवर साबण घसरावा तसे घसरतात. पहिले दोन दिवस कोवळ्या मनगटांचे, हे मी दर वर्षी लिहितो.

ती आधीच आली होती. खुर्चीवर शाल, समोर टोक केलेल्या पेन्सिली एका रेषेत. वर्षभरात केस बरेच पांढरे झालेत आणि तिने ते तसेच राहू दिलेत. चांगलं दिसतं. हे मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "यंदा कापड जरा गडद आहे."

"सदरा निळा आहे, शास्त्रीबुवा. कापडाला जुळवून घेतलात की काय?"

(सदरा दोन दिवस आधीच घातला होता. ताईला कळवायची गरज नाही.)

तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

"काय झालं?"

"भाजलं."

"इस्त्री?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "इस्त्रीच," म्हणाली.

अनुमान बरोबर आलं की या वयातही बरं वाटतं.

मग चहा. हॉलच्या मागच्या बाजूला जिन्याखाली यंत्र आहे, त्यातून जे बाहेर येतं त्याला इथे चहा म्हणतात. दोन्ही कप तिनेच आणले. आणि कपाच्या कडेकडे बघत म्हणाली, "शास्त्रीबुवा, हे माझं शेवटचं वर्ष."

त्यांच्या दैनिकाचं क्रीडापान बंद होतंय. तिला दुसऱ्या पानावर जागा देत होते, तिने नाही म्हटलं. धाकटी बहीण समुद्रकाठच्या एका लहानशा गावात बालवाडी चालवते. खाली मुलं, वरचा मजला रिकामा. तिथे कायमचं जायचं, याच महिन्यात.

"बोटीने जावं लागतं," ती म्हणाली. "गावात पूलचं टेबल नाही. मी चौकशी केली."

जे सुचलं ते असं: "मग पैजेचं काय?"

"यंदा निकाल लागायला हवा. बरोबरी नको."

"नको," मी म्हणालो.

चहा निवेपर्यंत आम्ही टेबलाचं कापड ताणणाऱ्या माणसांकडे मोठ्या आस्थेने बघत राहिलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

यादी आज संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. खोलीत बसून नीट विचार केला, तो इथे उतरवतो.

बरोबरी झाली तर पैज पुढच्या वर्षावर, आणि पुढचं वर्ष नाही. म्हणजे बरोबरी बाद.

मी जिंकलो तर तिने माझ्या घरी यायचं. ती नवं घर लावत असेल, मध्ये समुद्र आहे, शिवाय तिचा स्वभाव कुणाला अडचण न करण्याचा. चार ओळींचं सुरेख पत्र येईल, दिलगिरीचं. ते मी जन्मभर जपून ठेवीन, पण पत्र म्हणजे माणूस नव्हे.

मी हरलो तर मी जायचं. आणि मी जाईन की नाही हे फक्त माझ्यावर आहे. जिना चढून दार वाजवायचं आणि म्हणायचं, नियम म्हणजे नियम. दुसरं कुठलंही कारण घेऊन मला ते दार वाजवता येणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

तेव्हा यंदा हरायचं.

ती नेहमीप्रमाणे शहाण्यासारखी यादी करील, पाच-सहा नावं बरोबर येतील. मला फक्त तिच्याहून वाईट करायचं आहे. नऊ वर्षं चांगलं करून दाखवल्यावर हे अवघड नसावं असं वाटलं होतं, अवघड निघालं. वाईट निवड करायलासुद्धा खेळ कळावा लागतो. पहिल्या गटातला, ब्रेकच्या, म्हणजे चेंडू फोडायच्या पहिल्या फटक्याच्या वेळी डोळे मिटणारा घेतला. मनगटाला पट्टा बांधून आलेला घेतला. हरण्याची इतकी सवय झालेला एक आहे की नाणेफेक जिंकली तरी दिलगिरी व्यक्त करतो, तोही घेतला.

चौथ्या गटाशी अडखळलो. तिथे गतविजेता आहे आणि 'कंपास' आहे, जो प्रत्येक फटक्याआधी कोन मोजतो आणि बहुधा झोपेतही मोजत असेल. शहाणा माणूस हे दोघे घेईल. उरले तिघे: पहिल्यांदाच व्यावसायिक खेळणारा एक नवखा, दातांचा दवाखाना बंद करून पूलकडे वळलेला डॉक्टर, आणि मामा. नवखा तर हवाच. डॉक्टर की मामा?

मामा स्पर्धेतले सर्वांत थोरले. पंचसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. त्यांचा क्यू, खेळायची काठी, त्यांच्याइतकाच जुना आहे आणि कागदावर त्यांना काही आशा नाही. माझा त्यांच्यावर फार जीव आहे. तरीही लिहिलं, मामा.

तासाभरात क्रीडासंपादकाचा फोन. तो माझ्या भाच्याहून लहान आहे.

"सर, यादी खालून वर वाचायची आहे का?"

"वरून खालीच."

"पण सर, यातला एकही पुढे जाणार नाही."

"कोण जाणार ते सगळेच लिहितात."

"सर, तिथे जेवणाची सोय बरी आहे ना?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

साखळी सुरू झाली, पण आज खेळाकडे लक्ष नव्हतं.

सकाळी पत्रकारांच्या टेबलावर दोन्ही दैनिकं शेजारी शेजारी ठेवलेली होती. भोवती घोळका, आणि घोळक्यात हसू. मी पुढे होऊन वाचलं. माझी आठ नावं. तिची आठ नावं. पहिल्या तीन गटांतली सहाच्या सहा तीच. डोळे मिटणारा, पट्टेवाला, दिलगिरीवाला, सगळे. चौथ्या गटात नवखाही तोच. फक्त मामांच्या जागी तिने डॉक्टर लिहिला होता.

रेडिओवाला म्हणाला, "दोघांनी मिळून लॉटरीच्या तिकिटावरून उतरवलंत का हो?"

ती आली. तिनेही वाचलं. पेन्सिल कानामागे खोचली, काढली, परत खोचली.

"शास्त्रीबुवा, प्रकृती बरी आहे ना?"

"माझी ठीक आहे. तुमची?"

"ठणठणीत."

पहिला ब्रेक होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मी टेबलाकडे बघत होतो. मी काही विचारलं नाही, काय विचारणार? उलगडा साधा आहे. पान बंद होतंय, ती निघाली आहे, तिने यादीवर वेळ घालवला नाही. जी नावं सुचली ती टाकून दिली. तिच्या लेखी पैज आधीच संपली आहे.

नऊ वर्षांत तिने एकही ओळ निष्काळजीपणे लिहिलेली मला माहीत नाही. पहिली लिहिली ती नेमकी या यादीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

हॉलची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आहे. दुरुस्त करणारा माणूस येतो, शिडीवर चढतो, मान हलवतो आणि जातो. वीस खेळाडू, शेकडो प्रेक्षक आणि त्यांचे श्वास. निळ्या कापडाने ओल धरली. चेंडू आता घसरत नाहीत, चालतात, आणि कडेवर आपटले की दमल्यासारखे परततात.

कंपासचे कोन चुकू लागले. त्याने मोजलेलं सगळं बरोबर होतं, फक्त ते गुरुवारच्या कापडाचं होतं. मामांनी त्याला हरवलं. ज्या काळात हॉलला नुसते पंखे असायचे त्या काळात मामा खेळ शिकले. असं जड कापड त्यांना बालपण परत मिळाल्यासारखं वाटलं असणार. डॉक्टरनेही कंपासला हरवलं. तो प्रत्येक चेंडू दात उपटावा तसा खेळतो: आधी धीर देतो, मग एकदम.

आमची बाकीची नावं शर्यतीतून कधीच बाहेर पडली होती. दिलगिरीवाला जाताना आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "तुम्ही दोघांनी विश्वास दाखवलात, माझ्याच्याने झालं नाही. माफ करा." ती मान खाली घालून पेन्सिलीला टोक करायला लागली. त्या पेन्सिलीला आधीच टोक होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तिच्यासाठी चहा आणायला गेलो आणि यंत्रापुढे उभा राहून एकच विचार करत राहिलो, की पुढच्या वर्षी या यंत्रातून मी एकच कप घेईन. मागे रांग लागली होती. एकाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, "साहेब, अडकलं का?"

१० फेब्रुवारी, सोमवार

शेवटचा दिवस. सगळं नीट लिहून ठेवतो.

चौथ्या गटात गतविजेता सगळे सामने जिंकून मोकळा झाला होता. उरलेल्या एका जागेसाठी शेवटचा सामना मामा आणि डॉक्टर यांच्यात. जो आधी सात डाव घेईल तो पुढे.

म्हणजे पैजही तिथेच. मामा जिंकले तर माझं एक नाव बरोबर, तिचं एकही नाही, ती हरली. डॉक्टर जिंकला तर मी हरलो.

हॉलमध्ये उकडत होतं. कॅमेरे पलीकडच्या टेबलावर होते, इथे फक्त पंच, काही प्रेक्षक आणि आम्ही दोघं. मामा आयुष्यात एकदाच बाद फेरीत गेलेत, आमच्यापैकी कुणी त्यांना ओळखायच्या आधी. ते जिंकावेत असं मला मनापासून वाटत होतं. आणि प्रत्येक फटक्याला ते चुकावेत असंही वाटत होतं. एका छातीत दोन प्रेक्षक घेऊन बसणं सोपं नसतं.

डॉक्टरने लांबचा चेंडू घातला, मी टाळ्या वाजवल्या. मामांनी कोपऱ्यात अलगद सोडला, तिने टाळ्या वाजवल्या. असं तीन-चारदा झाल्यावर ती वळली.

"मामा तुमच्या यादीतले ना? मग डॉक्टरला कसल्या टाळ्या?"

"खेळाडू वृत्ती. आणि तुम्ही?"

"माझीही तीच."

पण तिच्या टाळ्यांत नुसती खेळाडू वृत्ती नव्हती. मामा खाली वाकले की ती श्वास धरायची. माझा माणूस जिंकावा अशी तिची इतकी इच्छा का, हे मला आधी कळेना, मग कळलं. मी जिंकलो की मला तिच्याकडे जायचं कारण उरत नाही. तिला पाहुणा नको आहे. नव्या गावी, नव्या घरात, जुन्या नोकरीतला माणूस अंडी घेऊन दारात उभा; कुणाला हवा असेल?

सहा-सहा. शेवटचा डाव. टेबलावर आठ नंबरचा आणि नऊ नंबरचा, दोनच चेंडू उरलेले आणि पाळी मामांची. आठ सोपा होता, फक्त दूर. मामा टेबलावर आडवे झाले, एक पाय हवेत, उजवी बाही कापडावर. आठ गेला. मारायचा पांढरा चेंडू बरोबर जागी येऊन थांबला. आता नऊ घातला की संपलं. आमच्या रांगेतल्या कुणीही तो घातला असता.

शेजारीण उठून उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मामा सरळ उभे होते आणि क्यू टेबलाला टेकवून त्यांनी हात वर केला होता.

"काय झालं, मामा?" पंचाने विचारलं.

"बाही लागली. नवाला."

"कधी?"

"आत्ता. आठ घालताना. जरासा हलला."

"मी तर पाहिलं नाही."

"तू पलीकडे होतास," मामा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. घाम पुसण्यासाठी त्यांनी हातरुमाल काढला, आणि तो गुडघ्यावर पसरून नुसताच बघत राहिले.

फाउल. आठ परत टेबलावर ठेवायचा नसतो, पण पांढरा चेंडू समोरच्याच्या हातात जातो. तो हवा तिथे ठेवून खेळायचं. डॉक्टर टेबलापाशी आला, मामांकडे वळून थोडा वाकला, आणि नऊ घातला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

मी हरलो होतो. जे हवं होतं तेच झालं होतं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा मामांपेक्षा उतरलेला.

"कशाला सांगितलं त्यांनी?" ती म्हणाली. "कुणी पाहिलं नव्हतं."

"त्यांनी पाहिलं होतं."

ती खाली बसली. पेन्सिल तळहातावर फिरवत राहिली. "म्हणजे जी गोष्ट आपली आपल्यालाच ठाऊक आहे तीसुद्धा सांगून टाकायची?"

"नियम आहे खेळाचा."

"खेळाचा," ती म्हणाली.

आणि थांबली. मी पुढे काही बोलावं असं तिला वाटलं असावं. तिने माझ्याकडे वळून मान जरा कलती केली होती, एखादं वाक्य पुरं व्हायची वाट पाहतात तशी. मी मामांच्या क्यूबद्दल बोललो. तो कुठल्या लाकडाचा आहे वगैरे. माहिती अचूक होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी निरोप. तिची गाडी आधी होती.

"तुमच्याकडे यायचं आहे मला," मी म्हणालो. "पण घाई नाही. तुम्हाला अडचण असेल तर पैज राहू द्या."

"अडचण तुम्हालाच. लांब पडेल. बोटीचा प्रवास."

"बोटीचं काही नाही."

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. माझं वाक्य होतं ते. मी ते वहीत लिहिलं होतं, तिच्यापाशी बोललो नव्हतो.

तिने हात पुढे केला. पट्टी निघाली होती, बोटांवर गुलाबी डाग होते. मी म्हणालो, "इस्त्री जपून करा." ती हसली, पण गाडीकडे बघत.

खुर्चीवर तिची एक पेन्सिल राहिली होती. टोक केलेली. घेऊन आलो आहे. परत द्यायला हवी, म्हणून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईने आठवडाभर काही विचारलं नाही; ही तिची जुनी पद्धत. वर्गात मुलगा आपण होऊन बोलेपर्यंत ती फळा पुसत बसायची. आज मी आपण होऊन बोललो. सगळं सांगितलं, यादीपासून बाहीपर्यंत, आणि शेवटी म्हटलं की मी बहुधा जाणार नाही.

"का?"

"तिला मी यायला नको आहे. मी हरू नये म्हणून धडपडत होती. चेहरा पाहायला हवा होतास तिचा."

ताईने चष्मा काढला. "तुझी यादी मुद्दाम चुकवलेली."

"हो."

"आणि तिची?"

"निष्काळजीपणा."

"दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत तीच ती चुकीची उत्तरं आली, तर आम्ही काय समजायचो?"

"कॉपी."

"आणि दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली असली तर?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"विचार कर," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला. एकटीच हसत होती. वयोमानानुसार होतं असं.

मी विचार केला. निष्काळजीपणा हेच उत्तर येतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टपालाने तिचं दैनिक आलं, साखळीच्या आठवड्यातलं. क्रीडापानावर तिचा शेवटचा मजकूर, मामांवर. कुणी न पाहिलेल्या बाहीवर एवढं कुणी लिहिलेलं नसेल. शेवटची ओळ अशी: 'ते सांगून मोकळे झाले, बघणाऱ्यांपैकी काही जण अजून झालेले नाहीत.'

बघणारे म्हणजे कोण, याचा अर्थ लागत नाही. पंच असावेत.

चार वेळा वाचलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिचा फोन आला. मागे लहान मुलांचा गलका चालू होता.

"शास्त्रीबुवा, हरलेली माणसं तोंड लपवून बसतात का तुमच्याकडे?"

"मी येणारच होतो."

"रविवारी या. दुपारच्या बोटीने. पातेलं आणू नका, आहे."

"काय रांधू?"

"तुम्हाला येतं ते."

मग फोन कुणीच ठेवला नाही. मुलं काहीतरी म्हणत होती, पाढे असावेत. मी ते शेवटपर्यंत ऐकले.

संध्याकाळी ताईने निळ्या सदऱ्याला इस्त्री केली. तिची बोटं भाजली नाहीत. इतकी वर्षं करते, पण कधीच भाजली नाहीत, असं सहज मनात आलं.

२ मार्च, रविवार

मी सकाळच्याच बोटीने आलो. दुपारची चुकली असती तर, म्हणून. आता तिच्या घरासमोरच्या दगडी कठड्यावर बसलो आहे. मांडीवर अंड्यांचा खोका, खिशात पेन्सिल. लिहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिच्याच पेन्सिलीने लिहितोय.

घर सांगितलं तसंच आहे. खाली बालवाडी, कुलूप लावलेली; खिडकीत मुलांनी रंगवलेली माशांची चित्रं. बाजूने जिना. वर दोन खिडक्या. सांगितलेल्या वेळेच्या आधी वर जाणं बरं नाही. तिला आवरायचं असेल.

वरच्या खिडकीतून धूर येतोय.

आधी थोडा होता, आता चांगलाच आहे, काळपट. खिडकी धाडकन उघडली आणि कुणीतरी वर्तमानपत्राने धूर बाहेर हाकलतंय. हात ओळखला. खोकण्याचा आवाज. मग दुसरा आवाज, बहीण असणार:

"पुन्हा करपलं?"

"गप्प बस गं."

"पण रांधायचं त्यांनी आहे ना? तू कशाला जीव काढतेयस? महिनाभर हेच चाललंय तुझं. मागे बोटं भाजून घेतलीस, तरी सोस आहेच."

"ते हरले म्हणून. मी हरायचं ठरवलं होतं."

खिडकी परत लागली.

म्हणजे ती इस्त्री नव्हती.

मी वहीची मागची पानं उलटून पाहिली. पट्टी, यादी, टाळ्या, उतरलेला चेहरा, ती कलती केलेली मान. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, तारीख घालून. अनुमानावर दोन वर्षं घालवलेल्या माणसाने.

धूर अजून येतोय, खिडकीच्या फटीतून. दुपारच्या बोटीला पुष्कळ अवकाश आहे. बोट येईपर्यंत मी इथे बसू शकतो; कुणी पाहिलेलं नाही.

मी पाहिलं आहे.

वही मिटतो. जिना उभा आहे आणि अंडी जपून न्यायला हवीत.